डावीकडचे कच्चे, उजवीकडचे शिजवलेले

सकाळी फिरायला निघालेल्या बायकांच्या घोळक्यात हल्ली एक विषय हमखास निघतो. "मी तर बाई रात्रीचा स्वयंपाकच बंद केलाय. नुसतं कच्चं खाते, इतकं हलकं वाटतं म्हणून सांगू!" असे एकजण सांगते. दुसरी दुधीच्या रसाचे गुण गाते, तिसरी वाटीभर मोडाच्या मटकीचे. घरी यावे तर सासूबाईंचे निराळेच. "कच्चं कसलं खाता गं? पोटात दुखेल. मऊ शिजवून खावं माणसानं." तेवढ्यात यजमानांच्या मोबाइलवर तिसराच सल्ला येऊन पडलेला असतो. आणि या सगळ्यांचे ऐकून घेऊन उद्या डब्यात काय द्यायचे ते ठरवायचे असते मात्र तुम्हाला!

मैत्रिणींनो, खरे सांगायचे तर मैत्रीणही थोडी बरोबर आहे आणि सासूबाईही. 'कच्चे ते सगळे चांगले' हे जितके चूक, तितकेच 'शिजवले की काळजी मिटली' हेही चूक. प्रत्येक जिन्नसाचा स्वभाव वेगळा. बहुतेक वेळा चुकीची शिक्षा म्हणजे पोट बिघडणे, एवढ्यावर भागते. पण काही जिन्नस असे आहेत की ते जिवावरही बेतू शकतात. म्हणून हा विषय जरा नीट समजून घेऊ.

ताट काय सांगते?

पान कसे वाढायचे ते तुम्हाला आईने शिकवले असेल. वर मीठ, डाव्या हाताला लिंबू, चटणी, लोणचे, कोशिंबीर. उजव्या हाताला भाजी, उसळ, आमटी. मध्ये भात आणि पोळी. आता बारकाईने बघा. कच्चे जे काही आहे ते बहुतेक डावीकडे आणि थोडे थोडे. शिजवलेले उजवीकडे आणि पोटभर. ही वाटणी अगदी शहाणपणाची आहे. उजवीकडच्या उसळीतले किंवा पालेभाजीतले लोह अंगी लागायला डावीकडच्या कच्च्या लिंबातले 'क' जीवनसत्त्व मदत करते. म्हणून लिंबाची फोड ताटाच्या शोभेसाठी ठेवून देऊ नका, उसळीवर पिळा. (आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका. चहा हे लोह अडवून धरतो.)

पण नुसते पान वाढता येऊन आता भागत नाही. आपल्या घरात आता राजमा आला, सोयाबीन आले, मशरूम आले, सकाळी उठून रस काढणे आले. त्यांना डावीकडे बसवायचे की उजवीकडे, हे आपल्या आजीला विचारता येत नाही. त्यासाठी विस्तव काय काम करतो ते ठाऊक हवे.

विस्तवाची चार कामे

भाजी चुलीवर चढली की चार गोष्टी होतात. पहिली, जंतू आणि जंतांची अंडी मरतात. दुसरी, काही कडधान्यांत आणि कंदांत मुळातच असलेली त्रासदायक द्रव्ये निकामी होतात. झाडाला शत्रूपासून पळून जाता येत नाही, म्हणून आपले बी आणि कंद वाचवायला ते अशी द्रव्ये साठवून ठेवते. तिसरी, तांदूळ, गहू, बटाटा यांतले पिष्ट पाणी पिऊन फुगते, मऊ होते आणि मग ते नीट पचते. चौथी गोष्ट मात्र नुकसानीची. 'क' जीवनसत्त्व उष्णतेने नाहीसे होते आणि काही जीवनसत्त्वे शिजवलेल्या पाण्याबरोबर मोरीत जातात.

पहिल्या तीन कामांची गरज नसेल तिथे चौथे नुकसान कशाला सोसायचे? तिथे कच्चे खावे. आणि पहिल्या तीनपैकी एकाचीही गरज असेल तर हट्ट न करता शिजवावे. एवढाच सगळा हिशोब.

इथेच एक गोष्ट सांगून ठेवते. पुष्कळ मुलींना आणि बायकांना येता-जाता कच्चे तांदूळ तोंडात टाकायची सवय असते. घरातले हसतात, रागावतात आणि सोडून देतात. पण कच्चे तांदूळ, खडू, माती असे काही खावेसे वाटणे हे पुष्कळदा अंगात लोह कमी झाल्याचे लक्षण असते. तुमची लेक किंवा तुम्ही स्वतः असे करत असाल तर डबा उंच फळीवर ठेवून प्रश्न सुटणार नाही. डॉक्टरांना सांगून रक्त तपासून घ्या.

खुशाल कच्चे खा

काकडी, टोमॅटो, कांदा, मुळा, गाजर, बीट, ढोबळी मिरची, कोथिंबीर, पुदिना, कैरी, आवळा आणि झाडून सगळी पिकलेली फळे ही मंडळी डावीकडची. आवळा, पेरू, लिंबू, ढोबळी मिरची यांत 'क' जीवनसत्त्व भरपूर, म्हणून ती होता होईल तो कच्चीच पोटात जावीत. थंडीच्या दिवसांत कोवळे मटार, ओले हरभरे, मुळ्याच्या डिंगऱ्या जाता-येता खायला हरकत नाही. सोलापूरकडे मेथीच्या कोवळ्या पानांत कांद्याची पात, दाण्याचे कूट, तिखट-मीठ आणि कच्चे तेल घालून घोळाणा करतात. भाकरीबरोबर तो करून पाहा. मेथीला नाक मुरडणारी मुलेसुद्धा मागून घेतील.

कोशिंबीर करताना तीन गोष्टी सांभाळा. भाजी आधी धुवा, मग चिरा. चिरून पाण्यात टाकली की तिचे सत्त्व पाण्यात उतरते. मीठ अगदी पानावर बसताना घाला. आणि चोचवलेल्या काकडीचे पाणी पिळून फेकून देऊ नका, त्यातच पोळ्यांची कणीक भिजवा.

ज्यांच्या घरी मासे-मटण होते त्यांनी आणखी एक पथ्य पाळावे. ज्या विळीवर मासळी चिरली त्याच विळीवर कोशिंबिरीचा कांदा चिरायचा नाही. आधी कोशिंबीर चिरून बाजूला झाकून ठेवावी, मग मासळीला हात लावावा. मासळी शिजणार आहे, कांदा शिजणार नाही, हे लक्षात ठेवले की झाले.

दिसतात कच्चे, पण आहेत शिजलेले

"मग दडपे पोहे कसे चालतात? ते कुठे शिजवतो आपण?" असे कुणी विचारील. अहो, पोहे आपल्या घरी येण्याआधीच शिजलेले असतात! भात भिजवून, भाजून, मग तो कुटून चपटा करतात. मेतकुटाच्या डाळी भाजलेल्या, सातूचे पीठ भाजलेल्या धान्याचे, डांगराला उडीद भाजून घेतलेला, चटणीत घालायचे डाळे तेही भाजलेले. म्हणजे न शिजवता कालवून खायचे जे जे पीठ आपल्याकडे आहे, ते आधी विस्तव पाहून आलेले आहे. साधे बेसन किंवा कणीक कुणी दह्यात कालवून खात नाही, ते यामुळेच.

मुले मात्र परातीतली कच्ची कणीक चोरून खातात, केकचे कच्चे मिश्रण बोटाने चाटतात. त्यांना अडवावे. पीठ हे शेतातून आलेल्या धान्याचे. त्यात जंतू असू शकतात आणि दळल्याने ते मरत नाहीत.

भिजवलेली डाळ हा मात्र मधला प्रकार. चैत्रात हळदीकुंकवाला कैरी घालून हरभऱ्याची डाळ आपण वाटतो, ती कच्चीच असते. चार-पाच तास चांगली भिजवलेली, भरड वाटलेली, वाटीभर खाल्ली तर निरोगी माणसाला सहसा बाधत नाही. पण ती जड खरीच, त्यामुळे लहान मुलांना आणि ज्यांना वाताचा त्रास आहे त्यांना चमचाभरच द्यावी.

शिजवल्याशिवाय नकोच

आता उजवीकडची मंडळी. इथे चालढकल नको.

राजमा : सगळ्यांत आधी याचे नाव घ्यायला हवे, कारण तो आपल्याकडे नवा आणि त्याची रीत घरोघर ठाऊक नाही. कच्च्या राजम्यात, विशेषतः लाल राजम्यात, असे द्रव्य असते की चार-पाच दाणेसुद्धा पोटात गेले तर एक ते तीन तासांत उलट्या-जुलाब सुरू होऊ शकतात. राजमा रात्रभर भिजवावा, भिजवलेले पाणी ओतून द्यावे, नवे पाणी घालावे आणि कुकरमध्ये अगदी मऊ शिजवावा. कुकर नसेल तर आधी निदान दहा मिनिटे खळखळून उकळी यायला हवी, मग मंद आच. नुसत्या मंद आचेवर तासन्‌तास ठेवलेला अर्धाकच्चा राजमा तर कच्च्यापेक्षाही जास्त बाधू शकतो. मोड आणून कच्चा राजमा कोशिंबिरीत कधीही घालू नका.

वाल, पावटे, सोयाबीन : डाळिंब्यांची उसळ आपण चांगली शिजवूनच खातो, तीच रीत बरोबर आहे. सोयाबीनमध्ये प्रथिने पचू न देणारे द्रव्य असते, ते उष्णतेने जाते. पोळीच्या गव्हात सोयाबीन मिसळून दळून आणत असाल तर ते आधी उकळत्या पाण्यातून काढून, वाळवून, भाजून घ्या.

सुरण, अळू : यांच्यात काचेच्या सुयांसारखे बारीक स्फटिक असतात. ते घशाला टोचतात, म्हणून खाज सुटते. सुरण चिरताना हाताला तेल लावा. शिजवताना चिंच किंवा आमसूल घाला. अळूच्या फदफद्यात चिंच आणि वडीच्या पिठात चिंच-गूळ हे काही नुसत्या चवीसाठी नाहीत! अळूची पाने हिरव्या रसात घालून पिण्याचा प्रयोग कुणी करू नये.

फणसाच्या आठळ्या, वांगी, बटाटा, मशरूम : ही सगळी शिजवून, भाजून किंवा उकडूनच. आणि पावसाळ्यात रानात, कुंपणाला उगवलेल्या छत्र्या अनोळखी असतील तर शिजवूनही नको. त्यांतल्या काही प्राणघातक असतात आणि वरून ओळखू येत नाहीत.

अंडे : तालमीत जाणाऱ्या मुलाला कच्चे अंडे दुधात फेटून देण्याची पद्धत पुष्कळ घरांत आहे. त्याने ताकद येते हा समज. प्रत्यक्षात कच्च्या अंड्यातली प्रथिने जेमतेम निम्मी अंगी लागतात, शिजवलेल्यातली नव्वद टक्क्यांच्या घरात. शिवाय कच्च्या अंड्यातून जुलाबाचे जंतू पोटात जाण्याची भीती. उकडलेले अंडे द्या. पैसेही वसूल आणि मुलाचे पोटही ठीक.

धारोष्ण दूध : गोठ्यात उभे राहून नुकते काढलेले दूध पिण्याचे फार कौतुक असते. पण गाई-म्हशी वरून धडधाकट दिसल्या तरी त्यांच्या दुधातून क्षयाचे आणि ब्रुसेलोसिस नावाच्या तापाचे जंतू येऊ शकतात. हा ताप येत-जात महिनोन्‌महिने रेंगाळतो, सांधे धरतो आणि गरोदर बाईचा गर्भही पडू शकतो. पिशवीतले दूध डेअरीत १५ सेकंद ७२ अंशांपर्यंत तापवून आलेले असते. गवळ्याचे तसे नसते. म्हणून गवळ्याचे दूध चांगले उकळल्याखेरीज कुणालाच देऊ नका, आणि त्याचे दही-लोणीही उकळलेल्या दुधाचेच करा.

शिजवूनही उपयोग नाही

आता ज्या भागासाठी हा लेख तुम्ही कापून ठेवावा, तो हा. 'शिजवले की सगळे जाते' ही समजूत तीन ठिकाणी घात करते.

कडू दुधी : दुधी, काकडी, दोडका या वेलींच्या फळांत कधी कधी एक कडू विष तयार होते. ते शिजवूनही जात नाही. आणि रस पिताना तर पेलाभर एकदम पोटात जाते. २०१० साली दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा दुधी-कारल्याचा रस घेतल्यावर मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांच्या समितीने या विषयाचा अभ्यास केला आणि स्पष्ट सांगितले की, कडू दुधीचा रस पिऊ नये. दुधीचा रस काढण्याआधी एक लहानसा तुकडा चाखावा, कडू लागला तर अख्खा दुधी टाकून द्यावा, आणि रस पिऊन बेचैन वाटू लागले तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. भाजीसाठी चिरतानासुद्धा हीच सवय ठेवा. "वीस रुपयांचा दुधी वाया कशाला घालवायचा?" म्हणून गूळ घालून कडूपणा मारू नका. कारल्याचे वेगळे, ते मुळातच कडू आणि त्याचा कडूपणा या विषाचा नव्हे. पण कारल्याच्या रसात दुधीचा रस मिसळला की दुधी कडू होता की नाही ते कळतच नाही. म्हणून ते मिश्रण नकोच.

हिरवा बटाटा : उन्हात, उजेडात राहिलेला बटाटा हिरवा होतो, त्याला कोंब येतात. त्यातले कडसर विष उकडून वा तळून जात नाही. थोडा डाग असेल तर तो भाग आणि कोंब खोल कोरून काढा. बराच हिरवा झाला असेल किंवा कडू लागला तर फेकून द्या. बटाट्याची टोपली अंधाऱ्या, हवेशीर जागी ठेवावी.

बुरशीचे दाणे : शेंगदाणे, मका, सुके खोबरे यांना ओल लागून बुरशी धरली की तिचे विष यकृतावर घाला घालते, आणि भाजून ते पुरते जात नाही. १९७४ साली राजस्थान आणि गुजरातच्या आदिवासी भागात बुरशीचा मका खाण्यात आला, त्यात शंभरावर माणसे दगावली. दाणे निवडताना काळपट, सुरकुतलेले, खवट दाणे बाजूला काढा. ते 'कुटात खपून जातील' असे म्हणू नका.

दोन्हीकडे बसणारी

काहींना दोन्ही जागा शोभतात. गाजर कच्चे गोड लागते, पण त्यातले 'अ' जीवनसत्त्वाचे द्रव्य शिजवून, जरा तेल-तूप लावून खाल्ले तर जास्त मिळते. टोमॅटोचेही तसेच. म्हणून आठवड्यातून दोनदा कोशिंबीर, दोनदा भाजी असा मेळ घालावा. कोवळा पालक थोडा कच्चा चालतो. पण रोज पेलाभर पालकाचा रस घेऊ नये, विशेषतः घरात कुणाला मुतखड्याचा त्रास असेल तर मुळीच नाही. त्यांच्यासाठी पालक उकळून ते पाणी टाकून द्यावे.

मोडाचे मूग-मटकी : मोड आले की कडधान्यात 'क' जीवनसत्त्व वाढते, हे खरेच. पण जी ऊब आणि ओल मोडांना लागते तीच जंतूंनाही मानवते. मोड घरीच काढा, फडके उकळून घेतलेले वापरा, मोड आले की धुऊन फ्रिजमध्ये ठेवा आणि एक-दोन दिवसांत संपवा. बुळबुळीत झाले, आंबूस वास आला तर टाकून द्या. लहान मुले, गरोदर बाई, म्हातारी माणसे आणि आजारातून उठलेले यांच्यासाठी मात्र मोड वाफवूनच द्यावेत. थोडे सत्त्व गेले तरी बेहत्तर.

कोबी : कोबीतली अळी मेंदूत जाते आणि फिट येतात, असे तुम्ही ऐकले असेल. यात अर्धे खरे आहे. कोबीवर दिसणारी हिरवी अळी पतंगाची. ती ओंगळ वाटते, पण मेंदूत जात नाही. मेंदूत गाठी करतो तो चपट्या जंताचा प्रकार. त्याची अंडी माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात आणि सांडपाणी दिलेल्या मळ्यातल्या भाजीवर किंवा शौचाहून येऊन नीट न धुतलेल्या हातांवर असतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून शाकाहारी घरातही हा आजार होतो, आणि तो फक्त कोबीतूनच होतो असेही नाही. कोबीची वरची दोन-तीन पाने काढून टाका, उरलेली सुटी करून नळाच्या धारेखाली एकेक चोळून धुवा. मिठाच्या पाण्याने अळ्या बाहेर येतात, पण या अंड्यांसाठी त्यावर विसंबू नका. भाजी कुठल्या पाण्यावर पिकली याची शंका असेल, पावसाळ्यात पालेभाजीवर चिखल उडालेला असेल, तर कोशिंबिरीचा बेत बदलून भाजी करा. आणि स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंपासून घरातल्या मुलांपर्यंत सगळ्यांच्या हाताशी साबण ठेवा.

बाजारातून पिशवी आल्यावर

एवढे सगळे लक्षात कसे ठेवायचे? पिशवी रिकामी करताना प्रत्येक जिन्नस हातात घेऊन तीन प्रश्न विचारा. हा चवीला कडू, घशाला खाजरा किंवा बुरशीचा तर नाही? हा सालीतून सोलून येणार की मातीतून, पाण्यातून तसाच आलेला आहे? आणि हा कुणाच्या पानात जाणार, धडधाकट माणसाच्या की बाळाच्या, बाळंतिणीच्या, आजोबांच्या? तिन्ही उत्तरे मनासारखी आली तर डावीकडे, एकाबद्दलही शंका आली तर उजवीकडे. कडू दुधी, हिरवा बटाटा आणि बुरशीचे दाणे यांना मात्र पानात जागाच नाही.

आणि उद्या फिरायला गेल्यावर एखादी मैत्रीण दुधीच्या रसाची गोष्ट काढील, तेव्हा तिला एवढे जरूर सांगा: "रस काढतेस ना? मग आधी तुकडा चाखून बघ हं!"